देवामागचा पाइप

बोट विकायची ठरली तेव्हा मी लोटे गावच्या केमिकल कंपनीत सेकंड शिफ्टला होतो. आईचा फोन आला. "बाबांनी हो म्हटलंय. मुरुडकडचा एक जण घेतोय. फक्त म्हणतो, धूर मारते, तेवढी सायलेन्सरची लाइन बदलून द्या. तर तू रजा घे नि ये." मी मेंटेनन्सला आहे, त्यामुळे घरातलं जे काही बंद पडेल ते माझं, अशी तिची समजूत. मिक्सर माझा, विहिरीवरचा पंप माझा, शेजाऱ्यांचा पंखासुद्धा माझाच. "बाबांनी हो म्हटलंय" हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, त्यावरून बाबा फारसं काही बोलले नसणार हे मला कळलं.

बाबा बोटीचे मालक आणि तांडेलही. म्हणजे सुकाणू त्यांच्याच हातात. खलाशी बाहेर जाळ्यावर, बाबा आत केबिनमध्ये, असं वर्षानुवर्षं चाललेलं. गेल्या हंगामात त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग ते विसरायला लागले. एका खलाशाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली. जाळं पाण्यात असताना विचारलं, जाळं टाकलंत काय रे? शेवटी एकदा परत येताना खाडीच्या तोंडाशी बोट सरळ खडकांकडे घातली. तिथे वाट कुठे आणि खडक कुठे हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खलाशाने धावत येऊन सुकाणू ओढलं म्हणून वाचले. हे त्याने आमच्या घरी सांगितलं नाही, चहाच्या टपरीवर सांगितलं. झालं, सगळ्या बंदराला कळलं.

आमच्या आजोबांचंही शेवटी असंच झालं होतं. स्वतःच्या मुलाला ते "आपण कोण?" असं विचारायचे, तेही अगदी आदराने. तेव्हा बाबांचं काय होतंय हे ठरवायला आमच्या घरात डॉक्टर लागला नाही. तरी आई घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले वय झालंय, एक गोळी दिली. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोट वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेली, बाबा घरात. डोकं दुखायचं थांबलं. विसरणंही कमी झालं. आई म्हणाली, "बघितलंत? आराम मिळाला नि गोळी लागू पडली. आता पुरे ती दर्यावर जायची हौस." बाबा भांडले नाहीत. जो माणूस रिक्षावाल्याशी, वायरमनशी, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईशी भांडतो, तो बोटीसाठी भांडला नाही. ते घाबरलेत हे मला तेव्हा समजलं, आणि मीही घाबरलो.

तर मी रजा घेऊन आलो. आमच्या बोटीचं इंजिन केबिनच्या खाली बसवलेलं आहे. त्याचा धूर आधी एका लोखंडी बेंडमध्ये, म्हणजे वाकड्या नळीत येतो, बेंडमधून उभ्या पाइपात, तो पाइप केबिनच्या मागच्या फळीआडून वर जातो आणि छपरावरच्या सायलेन्सरमधून धूर बाहेर पडतो. निदान पडावा अशी अपेक्षा असते. कंपनीत असं काही खोलायचं तर आधी परमिट, हेल्मेट, हातमोजे, वर उभा एक साहेब. इथे माझ्या पायात स्लिपर होती आणि साहेबाच्या जागी बाबा, उलट्या घातलेल्या टोपलीवर बसलेले.

"ते नट सुटायचे नायत," बाबा म्हणाले.

"सुटतील."

"मी आपला सांगतोय."

नट सुटले नाहीत. डिझेल लावलं, ठोकलं, तापवलं, शिव्या घातल्या. त्यातले दोन बोल्टसकट तुटून हातात आले, उरलेले छिन्नीने उडवले. बेंड निघाला तेव्हा माझ्या अंगावर एवढी काजळी पडली की चहा घेऊन आलेल्या आईने आधी बाबांना विचारलं, "हा कुठे गेला?" नवा बेंड बसवला, नवं गॅस्केट घातलं. छपरावर चढून सायलेन्सर बदलला. दुपारचं जेवण झालं आणि बाबा म्हणाले, "झालं की मग."

"मधला पाइप राहिला."

"तो नाय काढत."

"का?"

बाबांनी केबिनच्या मागच्या फळीकडे बघितलं. तिथे बोटीचा देव आहे. बोट पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा गुरुजींनी तिथे छोटी फळी मारून तसबीर बसवली, नारळ फोडला. आमच्याकडे बोटीचा देव एकदा बसवला की हलवत नाहीत. रंग देताना त्याच्या कडेने रंगवतात. पाइप नेमका त्याच्या मागून गेलेला. त्यामुळे आजवर जे जे मेकॅनिक आले, त्यांनी खालचा बेंड बदलला, वरचा सायलेन्सर बदलला, देवाला नमस्कार केला आणि गेले. इतकी श्रद्धाळू माणसं मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात बघितली नाहीत.

"बाबा, नव्या बेंडावर तो जुना पाइप ठेवून मी देणार नाही. माझं नाव खराब होईल."

"तुझं कसलं नाव?"

"होईल तेव्हा होईल, पण खराब होऊन उपयोग नाही."

ते उठले. मग घरी गेले, आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. एरवी ते धोतर लग्नाला बाहेर पडतं. तसबिरीपुढे हात जोडून म्हणाले, "पोरगा ऐकत नाय. जरा सरकून घे." आणि स्वतःच्या हाताने देव उतरवून मांडीवर घेऊन बसले.

तसबिरीची काच काळी होती. ती नेहमीच काळी असायची. बाबा रोज बोट सुटायच्या आधी केबिनमध्ये धूप घालायचे, आणि आई हंगामाच्या अखेरीस काच पुसताना म्हणायची, किती तो धूप घालावा माणसाने. मी मागच्या फळीचे स्क्रू काढले. फळी मागच्या बाजूने कोळशासारखी काळी होती आणि पाइपाला देवाच्या बरोबर पाठीमागे माझी मूठ आत जाईल एवढं भोक होतं. गंजून पार कागद झालेला. हात लावला तर कडेचे पापुद्रे गळून पडले.

कंपनीत दर आठवड्याला आम्हाला उभं करून गॅसबद्दल सांगतात. बंद खोलीत इंजिनाचा धूर साठला की आधी डोकं दुखतं, मग माणूस बावचळतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. बाबांच्या कानाला वारा सोसत नाही, म्हणून केबिनच्या काचा कायम बंद. खलाशी सगळे बाहेर मोकळ्यावर. आत धुराचा वास आला तर तो धुपाचा.

"बाबा, तुमचं डोकं बोटीवरच दुखायचं ना?"

"बोटीवरच. घरी आलो की सकाळपर्यंत उतरायचं."

मी त्यांना भोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मांडीवरचा देव न हलवता मान पुढे काढून बघितलं.

"ह्याच्यानं डोकं दुखतं?"

"दुखतं."

"आणि खडकावर पण जातो माणूस?"

"जातो."

"म्हणजे मी माझ्या बापासारखा नाय झालो?"

"नाही हो बाबा. नाही झालात."

त्यांनी तसबीर छातीशी धरली आणि ते रडले, लहान मूल रडतं तसे, आवाज करून. मलाही रडू आलं. काजळीमुळे ते फारच वाईट दिसलं असणार. मग त्यांनी पाइपाला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या दिल्या आणि देव मांडीवर आहे हे आठवून मध्येच थांबले.

आईला पटलं नाही. "पाइपाने कधी कोणी विसरतं का?" डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, शक्य आहे, नक्कीच शक्य आहे, हे आधी सांगायला हवं होतं. जणू आम्ही मुद्दाम लपवलं होतं. त्यांनी गोळी बंद केली. तरी आई जेवताना बाबांकडे चोरून बघायची, भाकरी खाल्लेली लक्षात आहे का म्हणून. टपरीवर तर कोणाला सांगायलाच गेलो नाही. एकदा एखाद्याचं डोकं गेलं असं बंदरात ठरलं की ते परत आणून देण्याची सोय नसते.

मी नवा पाइप बसवला, त्यावर जाड पट्टी गुंडाळली आणि देवाची फळी समोरच्या बाजूला, सुकाणूच्या वर मारली. नारळी पौर्णिमा झाली, बोट पाण्यात गेली. बाबा म्हणाले, "मुरुडवाल्याला बोलव. धूर नाय हे त्याला दाखवायला हवं." म्हणजे विकणारच होते तर. मी फोन केला. मला वाईट वाटलं, पण शब्द त्यांचा होता.

मुरुडवाला आला. चांगला माणूस, धंद्यातला. बाबा, तो, मी आणि तोच तो खलाशी, असे बोटीवर चढलो. आई धक्क्यावर उभी. बाबांनी केबिनच्या काचा लावून घेतल्या, बोट खाडीच्या तोंडातून बाहेर काढली, लांब फेरी मारली आणि परत आत आणली. खडकांपाशी खलाशी दारात येऊन उभा राहिला होता. बाबांनी त्याला सांगितलं, "जा, दोर बघ जा तुझा." बोट धक्क्याला अशी लागली की कडेला बांधलेला टायर दाबलासुद्धा गेला नाही.

मुरुडवाला खूश. "धूर नाही, आवाज नाही, झकास काम केलंत. मग ठरल्याप्रमाणे?" त्याने हात पुढे केला.

"बोट विकायची नाय," बाबा म्हणाले.

तो हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि समजूतदारपणे म्हणाला, "काकांच्या लक्षात नसेल. आपलं ठरलं होतं ना?"

खलाशी माझ्याकडे बघत होता. आई बघत होती. धक्क्यावरची आणखी चारदोन माणसं जाळं विणायचं थांबवून बघत होती. बाबा तेवढे माझ्याकडे बघत नव्हते.

"ठरलं होतं," मी म्हणालो. "त्यांच्या लक्षात आहे. तुम्ही त्यांनाच विचारा."

"बुधवार होता," बाबा म्हणाले. "तुम्ही चहा बिनसाखरेचा मागितलात. माझी बायको दाराशी बसली होती. बोट देतो म्हणताना माझा आवाज चिरकला, तो तुम्ही ऐकलात आणि ऐकला नाय असं दाखवलंत. चांगले आहात तुम्ही. पण तेव्हा मला वाटत होतं, माझं संपलं. नाय संपलेलं."