रंग वाळू द्यायचा

वसतिगृहातून मी आठव्या दिवशी बॅग घेऊन सिरसाळ्याला परत आले. वडील गॅरेजमध्ये मोटारसायकलची चेन बसवत होते. काळे हात पुसत त्यांनी विचारलं, ‘कावून आलीस? काय झालं?’

सांगायची लाज वाटत होती आणि रागही येत होता. खोलीत आम्ही चौघींनी मिळून बाजारातून स्टीलचे चार एकसारखे ग्लास आणले होते. दोनच दिवसांत त्यातल्या एकाच्या बुडाला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका आला. ‘हा तुझा,’ असं मला अगदी गोड आवाजात सांगण्यात आलं. बाकीच्या तिघी एकमेकींचे ग्लास खुशाल वापरत. मी दलित वस्तीतली, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आडून आडून विचारून घेतलं होतं. मी जन्माची तापट. सहा दिवस दात-ओठ खाल्ले आणि कॉलेजला रामराम ठोकला.

वडील रागावले नाहीत. मला मोटारसायकलवर मागे बसवून त्यांनी थेट घाटनांदूरला बाईंच्या दारात उतरवलं.

बाई म्हणजे आमच्या भागातून कॉलेजात गेलेल्या पहिल्या दलित मुलींपैकी एक. त्यांच्या काळी वसतिगृहात आमच्या मुलींची पंगत वेगळी बसे, ती त्यांनी मोडली. कशी मोडली, ते सत्काराच्या भाषणांत कुणी सांगत नसे. आता सत्तरी उलटली, तरी कुठल्या मुलीचा प्रवेश अडला की बाई पिशवी घेऊन प्राचार्यांसमोर जाऊन बसतात आणि काम होईतो उठत नाहीत.

मला वाटलं, आता मोर्चा निघणार. बाई शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, ‘बाटली कुठं हाय?’

‘कसली?’

‘रंगाची गं.’ मग हसायलाच लागल्या. ‘आमच्या ताटांच्या बुडाला तांबडा रंग असायचा. एका दुपारी आमी दोघींनी मेसमधली समदी ताटं रंगवली. पर लई घाई झाली. ओलीच ताटं एकावर एक रचली. सांजच्याला समद्यांचं वरण तांबडं.’

दोघींचं जेवण आठ दिवस बंद झालं, ते त्यांनी चुरमुऱ्यांवर काढले. पण मेसला नवी ताटं आणावी लागली, आणि त्यांवर खूण करायला पुन्हा कुणी धजावलं नाही.

‘रंग वाळू द्यायचा. तेवढी चूक तू करू नको,’ बाई म्हणाल्या. ‘आन् पळायचं न्हाई. तुझी खाट रिकामी झाली तर त्यान्ला बरंच हाय.’

मी परत गेले. तिघी तासाला गेल्यावर त्याच बाटलीने उरलेल्या तीन ग्लासांच्या बुडाला तसाच ठिपका दिला आणि ते अर्धा तास पंख्याखाली पालथे ठेवले. संध्याकाळी त्यांनी ग्लास फिरवून फिरवून पाहिले. एकजण तर दोन दिवस ओंजळीने पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी कंटाळली.

महिन्याभराने बाई मला बघायला आल्या. त्या ओंजळवालीनेच उठून त्यांना पाणी दिलं. बाईंनी ग्लास रिकामा केला, बूड निरखलं आणि विचारलं, ‘ह्यो कुणाचा?’

ती पुन्हा पुस्तकात डोकं घालत म्हणाली, ‘काय माहीत. असंल कुणाचा तरी.’

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ग्लास तिच्याकडेच पुढे करत म्हणाल्या, ‘आणिक दे गं थोडं.’