मास्तरांच्या कवितेची वेळ

म्हापशावर मास्तरांएवढ्या कविता कोणी लिहिल्या नसतील. शुक्रवारच्या बाजारातल्या मिरच्यांच्या राशींवर, गळक्या बसस्टँडवर, तिथल्या कुत्र्यांवरसुद्धा. तरी लोक त्यांना अनुवादक म्हणूनच ओळखतात. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कवींना त्यांनी मराठीत आणलं, शाळेत शिकवून उरलेल्या वेळात. एकेका ओळीपाशी ते महिनाभर अडत. "दुसऱ्याचं पोर कडेवर घेतलंय, पडता कामा नये," म्हणत.

गेल्या वर्षी त्यांचा सत्कार मीच ठरवला. घशाचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. पुढे आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी एकदा त्यांनी स्वतःच्या कविता वाचाव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

आणि ती संधी मीच घालवली. आमच्याकडे व्यासपीठावर बसवलेल्या माणसाला बोलू दिलं नाही तर तो वर्षभर तोंड दाखवत नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, पण लांबत चाललेल्या वक्त्यांपैकी एकालाही आवरण्याचं धैर्य मला झालं नाही. मास्तर उभे राहिले तेव्हा पेडण्याच्या शेवटच्या बससाठी लोक चपला शोधत होते. मास्तरांनाही त्याच बसने लेकीकडे जायचं होतं. त्यांनी एकच कविता वाचली, तीही एका जुन्या पोर्तुगीज कवीची, अनुवादातली.

"तुमची का नाही वाचलीत?" मी स्टँडकडे जाताना विचारलं.

"मी अजून जिवंत आसंय. त्या बिचाऱ्याची कोण वाचतलो?"

माझं घर मुळगावला, दुसऱ्याच दिशेला. तरी मी पेडण्याच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलो आणि माझं चुकलं म्हणालो.

"बस चुकली असती तर माका खांद्यावर घेऊन लेकीकडे व्हरतलंस? गप. तिकिटं काढ."

मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी आपली बसस्टँडची कविता सुरू केली. पुढच्या सीटवरची मासे विकणारी बाई मागे वळून ऐकू लागली. चौथ्या-पाचव्या ओळीला आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली.

पुढची ओळ मी म्हटली. मला ती कविता पाठ होती.

"मास्तर, हो तुमचो चेलो मरे?" बाईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. त्यांनी मान डोलावली.

पेडणे येईपर्यंत मी त्यांच्या कविता म्हणत राहिलो. एका ठिकाणी घाई केली, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली आणि ती ओळ मला पुन्हा म्हणायला लावली.