काकींची प्रश्नावली

शेजारच्या काकी रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येत आणि माझी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रश्नावली हातात घेत. मुलं मुंबईला, घरात त्या एकट्याच. "लस टोचली की आंगात काय होता?" असं आपल्या मालवणीत विचारत. उत्तर त्यांना कळत नसे, पण मी जरा थांबलो की लगेच म्हणत, "अडाकलंस रे! परत सांग." कधी कधी वैताग येई.

परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशीही काकी आल्या, चष्मा पुसत म्हणाल्या, "प्रतिपिंडा म्हणजे काय?"

"काकी, परीक्षा झाली."

"झाली म्हणान इसारलंस काय?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी सुरुवात केली आणि अर्ध्यावर मुद्दाम थांबलो.

काकी खुर्चीत नीट टेकून बसल्या. "अडाकलंस रे! परत सांग."