दहावा पट्टा

आमचे बाबा पलटणीत टेलर होते. बंदुकीपेक्षा सुईच जास्त चालवली, असं ते स्वतःच हसत सांगत. पलटणीच्या बँडवाल्यांच्या खांद्यावर हिरव्या-लाल-पिवळ्या चौकड्यांचा पट्टा असे. तो उसवला की बाबांकडे यायचा. गोऱ्या साहेबांच्या मुलखातल्या त्या चौकड्या, आमच्या आदिलाबादजवळच्या बेल्याकडच्या माणसांना त्यांचं काय कौतुक असणार, असं मला वाटायचं. पण आमच्या भागातल्या पेन्शनर जवानांचा त्या पट्ट्यावर भारी जीव.

मी तेव्हा गावातल्याच आंध्र सरकारच्या मराठी शाळेत शिकवत होते. एका वर्षी या मंडळींनी ठरवलं, सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला सगळ्यांनी तोच पट्टा घालून यायचं. आता रेघांचा क्रम कोणाला आठवेना. सुभेदारकाका म्हणत लाल आधी, बाकीचे म्हणत पिवळी. शेवटी सगळे बाबांकडे आले. बाबांनी डोळे मिटून क्रम सांगितला, आदिलाबादच्या बाजारातून हिरवं कापड आणि फिती आणल्या आणि पंधरा दिवस मशीनवर मान मोडून बसले.

आदल्या दिवशी दुपारी सगळे पट्टे न्यायला आमच्या ओसरीवर जमले. सुभेदारकाकांनी आपला घालूनही पाहिला. मग मोजणी झाली. पट्टे नऊ, माणसं दहा. बाबा म्हणाले, बरोबर आहे, पलटणीतही यादीबरहुकूमच शिवत होतो. स्वतःला धरायची त्यांना सवयच नव्हती. माझं मात्र डोकं सणकलं. पंधरा दिवस इथे चहा पिऊन जाणाऱ्या एकाच्याही हे ध्यानात येऊ नये?

सुभेदारकाकांनी अंगावरचा पट्टा काढून खाटेवर ठेवला.

"मास्तर, मंग तुमी कोन्या पलटनीत होते?"

"मी तं शिवनारा होतो," बाबा म्हणाले.

"मंग आमी का उघडे लढलो?"

कापड संपलं होतं. उरलेले तुकडे जोडून बाबा दहावा पट्टा शिवायला बसले. दोघं कातरायला, एक जण सुईत दोरा ओवायला, अशी सगळी पलटण कामाला लागली. चौकड्या काही जुळल्या नाहीत, आणि बाबांना त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

सकाळी माजी सैनिकांची नावं मला माइकवरून वाचायची होती. आठवड्यापूर्वी मीच लिहिलेला कागद उघडला. नावं नऊ होती. कालचा राग जागच्या जागी जिरला, लाजेने कान तापले. समोर रांगेत दहा जण उभे होते. मी पहिलं नाव बाबांचं घेतलं.