चिमणाच्या अंगणातल्या सायकली

रविवारी सकाळी पठारावरून सायकली उतरायला लागल्या की आधी त्यांचा आवाज यायचा. दगडांवर चाकं आपटल्याचा, करकचून दाबलेल्या ब्रेकचा, आणि सपाटी लागली की चाकांतून येणाऱ्या त्या टर्रर्रचा. तानाबाई हातातलं काम टाकून ऐकत राहायची. सुगीपर्यंत तो आवाज तिच्या अंगणात येऊन थांबत होता. आता तो ओढ्याच्या अंगानं खाली जायचा आणि चिमणाबाईच्या गोठ्यामागं थांबायचा.

पन्हाळ्याच्या पलीकडं, मसाई पठाराच्या उतारावर धनवड्यांची पाच-सहा घरांची वस्ती आहे. वरच्या अंगाला आकारामचं, म्हणजे तानाबाईच्या नवऱ्याचं घर. ओढ्याकडच्या अंगाला त्याच्या चुलतभावाचं, ज्ञानूचं. ज्ञानू शिरोलीला कारखान्यात कामाला, शनिवारी रात्री घरी यायचा. त्याची बायको चिमणाबाई तानाबाईहून दहा-बारा वर्षांनी लहान. म्हशी, वैरण, डेअरीला दूध आणि भाताची दोन वावरं, दोघींचं जगणं सारखंच. भांडण कधी नव्हतं. भांडावं असं काही कुणाकडं जास्त नव्हतंच.

मग तानाबाईकडं तोहिद आला.

उचगावात त्याचं लोखंडी दारं-खिडक्या करायचं दुकान. रविवारी जाड टायरांची सायकल घेऊन डोंगर हिंडायचा नाद. एकदा पठारावर वाट चुकला आणि गुरांच्या वाटेनं धडपडत तानाबाईच्या दारात उतरला. कोपर सोललेलं, पाण्याची बाटली रिकामी.

"आक्का, खाली रस्त्याला लागायची वाट कुठली?"

"वाट सांगतो, पर आदी पाणी पी. तोंड बघ कसं झालंय."

पाण्यामागनं भाकरी आली, भाकरीमागनं ठेचा आणि घट्ट दही. तोहिद जेवला आणि पुढच्या रविवारी चौघांना घेऊन आला. त्यांतल्या दोघांनी आणखी कुणाला सांगितलं. वर्षभरात असं झालं की कोल्हापुरातून पहाटे निघालेला पंधरा-वीस जणांचा ग्रुप पन्हाळ्यावरून पठार ओलांडायचा, गुरांच्या वाटेनं धडाधड खाली यायचा आणि आक्काच्या अंगणात सायकली आडव्या टाकून जेवायला बसायचा. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला दह्यात साखर लागते, बँकेतली तेजस्वी एकच भाकरी म्हणते आणि तीन खाते, हे सगळं तानाबाईला पाठ झालं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हेल्मेट घालून फोटो काढला. तो फिरत फिरत पुण्याच्या पुतण्याच्या मोबाइलवर पोचला. डेअरीवर बायका म्हणायला लागल्या, "आक्का, तुमी फेमस झालाईसा की."

तानाबाई वरवर वैतागायची. सुगीत भात झोडायचं काम अंगावर पडलेलं असताना ती नळावर चिमणाला म्हणाली होती, "रविवार आला की पोटात गोळा येतोय बघ. ह्या सायकलवाल्यांच्या भाकऱ्या थापून हाताची लाकडं झाली." पण ते गाऱ्हाणं नव्हतं. लेकाला चांगली नोकरी लागलेली बाई 'पोरगं घरात टिकतच न्हाय' म्हणते ना, तसलं ते मिरवणं होतं.

सुगी संपली आणि एका रविवारी सायकली आल्याच नाहीत. तानाबाईनं पिठाची परात झाकून ठेवली. उन्हं वर आली तेव्हा खालून हसण्याचा आवाज आला. ती घरामागच्या परड्यात गेली आणि तिनं दगडी गडग्यावरून वाकून बघितलं. चिमणाच्या तुळशीकट्ट्यावर लाल-पिवळी हेल्मेटं ओळीनं पालथी घातली होती. चिमणा डोक्यावरचा पदर सावरत ताटं वाढत होती, आणि तोहिद तिच्या हातातून पाण्याची कळशी घेत होता.

"नवी वाट सापडलीया म्हणं त्यास्नी," आकारामनं संध्याकाळी बातमी आणली. "आपल्या परड्याच्या बाजूनं करवंदीच्या जाळीतनं जाती, ती थेट चिमणाच्या गोठ्यामागं निघती. उतार चांगला हाय म्हणं सायकलीला."

"मला काय त्याचं," तानाबाई म्हणाली. "सुटलो मी."

पण ती सुटली नाही. उलट तेव्हापासून तिला चिमणा जास्तच दिसायला लागली. रविवारी चिमणा ठेवणीतलं लुगडं नेसते, हे दिसलं. बाजारातून स्टीलचे नवे पेले आणले, तेही दिसलं. चिमणाची भाकरी जाड असते, मधे कच्ची राहते, कालवणात मीठ सैल हातानं पडतं, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. मग ही शहरातली माणसं तिथं बोटं चाटून जेवतात कशी? तानाबाई रात्री कूस बदलून आकारामला म्हणायची, "गोड बोलून खायला घालती. मला न्हाय तसलं जमत." आकाराम झोपेत हुंकार द्यायचा.

एका शनिवारी चिमणा पातेलं घेऊन दारात आली. "आक्का, दही हाय का जादाचं? उद्याला कमी पडंल माझं."

"न्हाय बाई. म्हस आटत आलीया."

चिमणा गेली. आकाराम ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "अगं, गाडगं भरून हाय की दही."

"ते इरजण बिघाडलंय."

आकारामनं गाडग्यातलं बोटभर दही चाखलं आणि गाडगं झाकून ठेवलं.

परड्याच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात पडलेल्या जांभळाचा ओंडका होता. आकारामनं फांद्या तोडून जळणाला आणल्या होत्या, बुंधा वाळायला तसाच ठेवला होता. त्याच्या खाली उतार आणि उताराच्या तळाला ती नवी वाट, दोन मोठ्या दगडांच्या मधून जाणारी. एका दुपारी आकाराम बाजाराला गेल्यावर तानाबाईनं पहार घेतली. ओंडक्याखाली घातली, सारं अंग टाकून दाबली. ओंडका दोनदा डुलला आणि मग गडगडत जाऊन बरोबर त्या दोन दगडांच्या मधे अडकला. तिनं वरून बघितलं. सायकल तर सोडाच, शेळीसुद्धा सरळ जाणार नाही अशी वाट बंद झाली होती. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं. वाट नडली की मंडळी आपोआप जुन्या वाटेला लागतील, एवढाच तिचा हिशेब होता.

रविवारी ती गवत कापायच्या निमित्तानं करवंदीच्या जाळीमागं जाऊन बसली. सायकली आल्या. पहिला तोहिद होता. ओंडका बघून थांबला, उतरला, चालत मागं गेला. तानाबाईला वाटलं, फिरला. तो जोरात सायकल हाणत आला, पुढचं चाक उचललं आणि ओंडक्यावरून अलगद पलीकडं गेला. मागची मंडळी ओरडायला लागली. मग दुसरा, मग तिसरा. दोघं आपटले आणि हसत उठले. तेजस्वीनं मोबाइल धरून चित्रीकरण केलं. कुणीतरी अलीकडच्या बाजूला दगड रचून चढण केली, म्हणजे नवख्यांनाही उडी मारता येईल. ज्यांना एकदा जमलं ते सायकल खांद्यावर घेऊन परत वर चढले, पुन्हा उडी मारायला.

पुढच्या रविवारी इचलकरंजीची माणसं आली. त्याच्या पुढं सांगलीची. सगळी त्या ओंडक्यापायी, आणि सगळी जेवायला चिमणाकडं. चिमणानं अंगणात मांडव घातला.

तानाबाईनं त्या आठवड्यात आकारामशी, म्हशीशी आणि डेअरीवरच्या पोराशी भांडण काढलं.

आणि मग चिमणा पडली. बुधवारी तिन्हीसांजेला ती वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं येत होती. भाऱ्याखाली पायापुढचं दिसत नाही. सायकलवाल्यांनी रचलेल्या दगडांवर पाय पडला, ती ओंडक्यावर आदळली आणि उजवं मनगट मोडलं. कोडोलीच्या दवाखान्यात नेऊन प्लास्टर घातलं. शनिवारी ज्ञानू आला आणि त्यानं वस्ती डोक्यावर घेतली. "सायकलवाल्यांनीच टाकला त्यो ओंडका, उड्या मारायला. उद्या येऊ देत, एकेकाची सायकल ओढ्यात टाकतो."

आकारामनं बायकोकडं बघितलं. तानाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. भाकरी एका बाजूनं करपली तरी तिला कळलं नाही.

बुधवारपासून चिमणाच्या म्हशींच्या धारा तीच काढत होती. कुणी सांगितलं नव्हतं. जाऊबाईचा हात मोडल्यावर सांगायला कशाला लागतं, असं ती स्वतःला म्हणायची आणि चिमणाच्या तोंडाकडं न बघता चरवी घेऊन निघून जायची. रविवारीही ती धारेलाच गेली होती, आणि चरवी ठेवते न ठेवते तोच मागून सायकली आल्या. ज्ञानू तणतणत पुढं झाला. चिमणा आतून म्हणाली, "गप बसा वो. दारात आलेल्या पावण्यास्नी कोण बोलतं का?" आणि मग तानाबाईकडं वळून, "आक्का, माझा ह्यो हात असा. एवढ्या जणांस्नी उपाशी घालवायचं का?"

तानाबाई चुलीपुढं बसली. पीठ चिमणाचं, तवा चिमणाचा. पण हात तानाबाईचा होता आणि पहिली भाकरी फुगली तसा तिच्या अंगात जुना हुरूप आला. पातळ, गोल, पापुद्रा सुटलेल्या भाकऱ्या ती थापत गेली आणि ज्ञानू फुरंगटलेल्या तोंडानं बाहेर वाढत गेला.

"चिमणावहिनींच्या हातची भाकरी आज काय झालीय," बाहेर तेजस्वी कुणाला तरी म्हणाली. "प्लास्टरात हात असून."

आत तानाबाईच्या हातातला पिठाचा उंडा तसाच राहिला.

थोड्या वेळानं तोहिद चिमणाला बघायला आत आला आणि चुलीपुढं आक्काला बघून दारातच थबकला. "आक्का, तुमी? आनि तुमीच थापालाईसा? तुमचं हात दुखत्यात म्हणून तर आमी तुमच्याकडं यायचं बंद केलं."

"कुणी सांगितलं तुला माझं हात दुखत्यात?"

तोहिद घुटमळला. "तुमीच म्हणालात म्हणं. रविवार आला की पोटात गोळा येतोय. मग म्हटलं, का उगं ताप द्यायचा म्हाताऱ्या माणसाला."

म्हातारी हा शब्द तानाबाईनं गिळला. चिमणा भिंतीकडं तोंड करून प्लास्टरची कड चाचपत होती.

"वहिनी, चूक आमची हाय," तोहिद तिला म्हणाला. "ओंडका दिसल्याबरुबर बाजूला काढायचा सोडून आमी तिथं दगूड रचलं. आज जाताना सगळं साफ करतो. पर खरं सांगतो, ओंडका आमी न्हाय टाकला."

"ठाऊक हाय मला," चिमणा म्हणाली. "वरनं घसरून आला असंल. जमीन सुटती तिथली."

तोहिद गेला. चुलीत लाकूड तडतडत होतं. तानाबाईला कळून चुकलं होतं की हिला ठाऊक आहे. जांभळाचा तो ओंडका कुणाच्या परड्यात होता, हे वस्तीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. आणि तरीही हिनं झाकलं. तानाबाईला शरम वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण तिच्याही वर तीच जुनी आग उठली. पोरं हिनं नेली, नाव हिनं नेलं आणि आता चांगुलपणातही हीच पुढं.

"मला वाचवायची काय गरज नव्हती," ती म्हणाली. "सांगायचं होतंस. मी टाकला म्हणून."

"मग मला बी सांगाय लागलं असतं की."

"काय?"

चिमणानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "तुमचं नळावरचं बोलणं मीच त्यास्नी सांगितलं. आक्काला ताप होतोय, माझ्याकडं या म्हटलं. नवी वाट बी मीच दाखवली, माझ्या वैरणीची वाट ती. वरीसभर गडग्याआडनं बघत होतो मी, आक्का. तुमच्या डोक्यावर हेल्मेट घातलं त्या दिशी मी जेवलो न्हाय."

गडग्याआडून वाकून बघणारी आपण एकटीच, असं तानाबाई धरून चालली होती. तिनं थांबलेला उंडा परत हातात घेतला. तो थापता थापता म्हणाली, "मिठाचा हात आवर जरा. तोहिदसंगं येती ती जाडी पोरगी हाय न्हवं, मास्तरीण, तिला बीपी हाय."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"मी सांगतोय की आता."

प्लास्टर निघेपर्यंत रविवारच्या भाकऱ्या तानाबाईनंच थापल्या, आणि कुणाच्या हातच्या आहेत ते ज्ञानूला मोठ्यानं सांगायला लावलं. त्यानंतरही ती खाली यायची थांबली नाही. भाकरी तिची, कालवण चिमणाचं. पण गोडीगुलाबी झाली असं कुणी समजू नये. तोहिदनं कुणाला आधी हाक मारली, फोटोत मधे कोण बसलं, यावरून आठवड्याला एकदा तरी दोघींचं वाजायचं आणि एकीचं ताट दुसरीकडं दोन दिवस जायचं नाही.

फाल्गुनात एका रविवारी ग्रुप आला नाही. आजऱ्याकडं दोन दिवसांची सहल काढली होती. पुढच्या रविवारी आले ते काळेठिक्कर होऊन आणि त्यांच्या गोष्टी संपता संपेनात. तिकडची जंगलातली वाट, लाल माती, काजूच्या बागा. तेजस्वीनं मोबाइल पुढं केला. फोटोत एक ठेंगणी बाई हेल्मेट घालून हसत होती.

"ही तिथली मावशी," तेजस्वी म्हणाली. "ओल्या काजूची उसळ केली होती, वहिनी, काय सांगू. पुढच्या महिन्यात परत जाणार आम्ही."

तानाबाईनं मोबाइल हातात घेतला. चिमणा तिच्या खांद्यावरून वाकली. दोघींनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"काजूची उसळ काय, कुणाला बी येती," चिमणा म्हणाली.

"भाकरी कशी होती तिची?" तानाबाईनं विचारलं.

"तिकडं भातच असतो जास्त," तोहिद हसत म्हणाला.

"मग काय जेवलासा तुमी," तानाबाई म्हणाली आणि मोबाइल परत देऊन चुलीकडं वळली. जाता जाता तिनं चिमणाला कोपरानं ढोसलं. "ओलं काजू कुठं मिळत्यात गं?"

"बाजारात बघतो की उद्या," चिमणा म्हणाली. "तुमी बी चला."