अर्थाचा रकाना

माझा धाकटा भाऊ गाड्यांचा डॉक्टर. निदान गॅरेजच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय. गाडीचा मेंदू म्हणजे कंट्रोल मॉड्यूल. त्याला हा स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर उमटणारे बिघाडांचे कोड वाचतो. मी निवृत्त भाषाशिक्षिका. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याची वही मीच आखून दिली. गाडी, तक्रार, कोड आणि शेवटचा रकाना ‘अर्थ’. चारही रकाने भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही माझी सक्ती, आणि ती पाळली जाते का हे बघायला मी रोज गॅरेजात येऊन बसते.

पण शेवटच्या रकान्यात हा गडी नुसतं ‘ठीक’ नाहीतर ‘सैल’ लिहायचा. कोडचा अर्थ ‘ठीक’ कसा असेल? माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. शाळेत माझ्याच वर्गात होता आणि तिथेही ‘शब्दांचे अर्थ लिहा’ हा प्रश्न कोरा सोडायचा. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो हसायचा. त्याला राग येत नाही, हा त्याचा सगळ्यांत संतापजनक गुण.

एका सकाळी शाळेची व्हॅन चालवणारी आली. रडून डोळे लाल झालेले.

“दादा, आठवड्यात तीनदा बंद पडली, मुलं आत असताना. आज दुपारी परत पडली तर उद्यापासून दुसरी व्हॅन लावणार म्हणतात. अकरा वर्षं नेतेय हो मी ही पोरं!”

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं तिला मॉड्यूल गेलंय म्हणून सांगितलं होतं. नवीन यायला दहा दिवस.

भावानं स्कॅनर जोडला. सात कोड! एक ब्रेकचा, एक पेट्रोलच्या पंपाचा, एक गिअरचा. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. तिची अवस्था बघून तोही घाईला आला आणि एकेक सेन्सर तपासत सुटला. सगळे धडधाकट. बारा वाजत आले, शाळा साडेबाराला सुटणार.

“मेंदूच गेला असेल, ताई,” तो हळूच मला म्हणाला.

तिनं ते ऐकलं आणि ती स्टुलावर मटकन बसली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो राग वहीवर निघाला.

“अरे, निदान वही तरी पुरी कर! अर्थ कोराच आहे!”

“अर्थ?” तो ताडकन उठला. “ताई, अर्थ बघितलाच नाही मी!”

टॉर्च घेऊन तो बॅटरीखाली वाकला. मॉड्यूलपासून निघून गाडीच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेली एक काळी वायर होती. अर्थिंगची. बोल्टखाली गंज चढला होता.

“मेंदूला अर्थच नीट मिळत नव्हता, मग तो बरळणारच!”

त्यानं पॉलिश पेपरनं गंज घासला, बोल्ट आवळला, कोड पुसले. गाडी खड्ड्यांतून दोनदा फिरवून आणली. एकही कोड परत आला नाही. सव्वाबाराला व्हॅनवाली निघाली. घाईत चप्पल राहिली होती, ती न्यायला परत आली.

मी वही उघडून अर्धा तास मागची पानं चाळत बसले. ठीक, ठीक, सैल, ठीक.

“तीन वर्षं तू या रकान्यात वायरीबद्दल लिहितोयस?”

“मग? तूच तर आखलास. मी म्हटलं, बघा, आपली ताई गाड्यांचं काही न शिकता किती जाणते! कोड काहीही येवो, अर्थ तपासायला लावते. म्हणून तर आपल्याकडची गाडी सहसा दुरुस्तीला परत येत नाही.”

मला लाज वाटली. मी त्याला घडा म्हणत होते आणि तो मला जाणती समजत होता. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. व्हॅन गेली, खिडक्यांतून पोरांचा गलका सांडत.

मी तोंड मिटलं, पेन घेतलं आणि कोऱ्या राहिलेल्या रकान्यात लिहिलं, ‘लागला.’