आण्णांच्या कॉलमधला लॅग

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जेवढे फोन येतात, त्याच्या दुप्पट गप्पा येतात. फोन नीट होऊन घरी जातात, गप्पा मात्र आमच्याकडेच राहतात! कराडात एसटी स्टँडमागे मी आणि माझा मित्र बंडा मिळून हे दुकान चालवतो. आमची ख्याती एकाच कामाची: फोन रूट करून त्याचा लॅग घालवणे. आपण बोललेलं पलीकडे उशिरा पोचतं ना, तो उशीर कमी करायचा.

*

रूट म्हणजे काय, हे बंडाइतकं सोपं करून कुणालाच सांगता येत नाही. इस्लामपूरकडचे एक ऊसवाले पाहुणे एकदा तावातावानं विचारत होते, "फोन माझा, मग ह्यातली ॲपं मला का काढता येत न्हाईत?"

"कंपनीनं कुलूप लावलंय," बंडा म्हणाला. "रूट केलं की सातबारा तुमच्या नावावर."

"आन् आत्तापातूर?"

"आत्तापातूर तुमी नुसतं कूळ हुता!"

पाहुणे काउंटरवर फोन आपटून म्हणाले, "कर रूट! आत्ताच्या आत्ता!"

*

स्वतःच्या फोनवर बंडा जरा जास्तच प्रयोग करतो. गेममध्ये लॅग नको म्हणून त्यानं अशी फायरवॉल बसवली, की गेम सोडून कुणालाच नेट मिळू नये. नेमका त्याच आठवड्यात तो सांगलीची मुलगी बघून आला होता. मुलगी मनापासून आवडलेली, आणि निरोप काही येईना. गडी जेवेना की हसेना. "नकार हाय गड्या," म्हणत गेम खेळत बसायचा.

शेवटी मीच त्याचा फोन घेतला आणि फायरवॉल काढली. धडाधड मेसेज पडले. "आम्हाला पसंत आहे." "आपला विचार कळवावा." "आमचं काही चुकलं का?" आणि शेवटचा खुद्द मुलीचा, "जमत नसेल तर तसं सांगा."

बंडा तसाच गाडीला किक मारून सांगलीला गेला. सासरे अजून पाहुण्यारावळ्यांत कौतुकानं सांगतात, "जावई लय विचारी! बाकीच्यांसारखी घाई न्हाई केली." आम्ही त्यांना अजून काही बोललेलो नाही.

*

शांताकाकू आल्या त्या मात्र रडकुंडीला येऊन. त्यांचे यजमान, आण्णा, फौजेतले निवृत्त सुभेदार. सगळी नोकरी वायरलेस सेटवर झालेली. एकुलता एक मुलगा विकास फौजेत न जाता नर्स झाला आणि जर्मनीला गेला, म्हणून आण्णा आधीच नाराज. त्यात हा लॅग!

"हे इचारत्यात, जेवलास का? त्याचं उत्तर लवकर येत न्हाई. मग हे वरडत्यात, बापाशी बोलायला जीभ जड झाली व्हय? तवर त्याचं 'जेवलो' येतंय, आन् मागनं ह्यांचं वरडणं त्याला पोचतंय. आता पोरगं फकस्त माझ्याशी बोलतंय. बाळांनो, ह्या दोघांचं बोलणं तुटू द्यू नगा."

माझ्या आईची आठवण झाली. आम्ही हातातली कामं बाजूला ठेवून फोन रूट केला, कंपनीनं कोंबलेली ॲपं काढली आणि कॉल चालू असताना बाकी कुणी नेटला हात लावायचा नाही, असा बंदोबस्त केला. पुढच्या वेळी काकू बाजाराला आल्या तेव्हा बंडानं विचारलं, "काय काकू, लॅग गेला का?"

"गेला की!" काकू म्हणाल्या. "आता भांडताना शब्दाला शब्द लागलीच लागतोय!"

*

मग एक दिवस आण्णाच दुकानात आले. मी त्यांना म्हणालो, "आण्णा, इकडचा उशीर काढलाय, पण जर्मनी लांब आहे. थोडा राहणारच. बोलून झालं की जरा थांबत जा."

"मला थांबायला शिकवतोस?" आण्णा गरजले. "आमी वायरलेसवर समोरचा 'ओव्हर' म्हणत न्हाई तवर तोंड उघडत नव्हतो!"

बंडा हळूच म्हणाला, "मग पोराबरुबर बोलताना काय हुतंय?"

आण्णा तडक निघून गेले. पण तेव्हापासून त्या घरात ओव्हर सुरू झालं. काकू तर शेजारणीलासुद्धा म्हणायच्या, "थोडं इरजण द्या. ओव्हर!"

*

परवा दोघं चार्जिंगचा पॉइंट बदलायला आले होते. काम झालं, फोन चालू केला, आणि विकासचाच व्हिडिओ कॉल आला. तो रात्रपाळी संपवून बाहेर पडला होता. आण्णांनी फोन काउंटरवर उभा केला.

विकास म्हणाला, "आण्णा, आज वॉर्डात एक म्हातारं माणूस गेलं. त्याचा मुलगा लांबच्या गावी होता, पोचला न्हाई. शेवटपर्यंत मीच हात धरून बसलो. सारखं तुमचं तोंड डोळ्यापुढं येत हुतं. ओव्हर."

आण्णा गप्प. नजर स्क्रीनवर, हलेनात की बोलेनात. बंडानं मला कोपर मारलं. मी राउटरकडे बघितलं, सगळे दिवे लागलेले.

"आण्णा? ऐकू येतंय का? लॅग हाय का? ओव्हर."

काकूंनी आण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि फोनपाशी वाकल्या.

"लॅग न्हाई रं बाळा. तुझं आण्णा रडत्यात. ओव्हर."